चोर सोडून वेल्डरला फाशी

हार्बर लाईनने जाताना डॉकयार्ड रोड आलं की मी अजूनही लहान मुलासारखा दरवाज्याकडे सरकतो. तिथून माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. पाणबुडी काही दिसत नाही. (दिसली तर ती पाणबुडी कसली, म्हणा!) पण त्या क्रेनच्या खाली कुठेतरी माणसाने केलेल्या सगळ्यात अवघड यंत्रांपैकी एक यंत्र तयार होतं, आणि शेजारून आपण 'पुढचं स्टेशन सँडहर्स्ट रोड' ऐकत निवांत जातो, याची मला दरवेळी गंमत वाटते.

पाणबुडी हा माझा विषय नाही. मी कीबोर्ड बडवून पोट भरणारा माणूस. पण वाचता वाचता त्यात माझ्याच धंद्यातलं एक जुनं दुखणं सापडलं आणि मग राहवेना. म्हणून आजची सकाळ त्याच्या नावावर.

आधी ते दुखणं सांगतो. मागे एका कंपनीत आम्ही एक प्रॉडक्ट करत होतो. सात-आठ जणांची टीम, काम छान चाललेलं. मग वरच्या मजल्यावर कुणाचं तरी कुणाशी तरी वाजलं, कॉन्ट्रॅक्टवरून भानगड झाली आणि प्रॉडक्ट एका दिवसात 'होल्ड'वर गेलं. टीम पांगली. दोन वर्षांनी साहेबांना ते परत हवंसं झालं. सोर्स कोड होता, डॉक्युमेंटं होती, डिझाईनचे आराखडे होते. सगळं जागच्या जागी. फक्त माणसं नव्हती. कोडमध्ये एका ठिकाणी तीन सेकंद थांबायची एक ओळ होती. का थांबायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. एका हुशार पोराने (तो पोरगा मीच) ती ओळ उडवली. सगळं झकास चाललं. महिनाअखेरीला सगळं बोंबललं. ते तीन सेकंद ज्याला कळले होते तो माणूस तोवर दुसऱ्या देशात घर घेऊन बसला होता.

तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की कागदावर 'काय करायचं' ते राहतं, 'कसं करायचं' ते हातात राहतं. आणि हात घरी गेले की ते परत येत नाही.

आता पाणबुडीकडे येऊ. डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे नेमकं काय? डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली हवा नाही. म्हणून इंजिन चाकं फिरवत नाही, म्हणजे इथे पंखा फिरवत नाही. ते जनरेटर फिरवून बॅटऱ्या चार्ज करतं आणि पाण्याखाली पंखा फिरतो तो बॅटरीवर, विजेच्या मोटरने. बॅटरी उतरली की पृष्ठभागाच्या जवळ यायचं, स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढायची, हवा घ्यायची, इंजिन लावायचं. नेमका हाच धोक्याचा वेळ. नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज पाण्यात लांबवर जातो. बाकी वेळ मात्र ही बोट जवळजवळ मुकी असते. अणुपाणबुडीची अणुभट्टी सहसा पूर्ण बंद करून ठेवता येत नाही, तिचे पंप आणि टर्बाईनं कुजबुजत राहतात. बॅटरीवर सावकाश चालणाऱ्या बोटीत तेवढंही नसतं. स्वीडनने आपली गॉटलंड ही छोटी पाणबुडी २००५ ते २००७ अमेरिकेला सरावासाठी दिली होती. तिने सॅन दिएगोजवळ अमेरिकन नौदलाच्या नाकी नऊ आणले, ते याच शांततेच्या जोरावर.

आता आपल्या 'कलवरी'चं उदाहरण घ्या. फ्रेंच स्कॉर्पीन डिझाईन, बांधणी माझगाव डॉक. लांबी साधारण ६७ मीटर, माणसं चाळीसच्या वर. आत बॅटरीचे ३६० सेल, प्रत्येक सेल ७५० किलोचा. म्हणजे २७० टन नुसती बॅटरी! बोटीच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. आणि ही बॅटरी जपून वापरायची, कारण वेग दुप्पट करायचा तर ताकद सुमारे आठपट लागते. सावकाश चाललात तर दोन-चार दिवस पुरेल ती बॅटरी फुल स्पीडला तासा-दोन तासांत संपते. मोबाईलची बॅटरी लाल झाल्यावर आपली जी अवस्था होते, ती घेऊन कॅप्टन अख्खी नोकरी काढतो.

आणि हे सगळं ज्या नळकांड्यात बसवायचं त्याचं काय? तीनशे मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण तीनशे टन दाब असतो. कॅरमबोर्डाएवढ्या जागेवर दीडशे टनांच्या वर! हा दाब सगळीकडून सारखा आला तरच पोलाद टिकतं, म्हणून त्या नळकांड्याची गोलाई अगदी काटेकोर लागते. एखाद्या कड्याला जरा पोचा राहिला की दाब तिथेच गोळा होतो. आणि कडी एकमेकांना जोडायची वेल्डिंगने. साधं लोखंड नव्हे, खास कणखर पोलाद. ते आधी ठरावीक तापमानाला तापवायचं, वेल्डिंगची रॉड कोरडीठाक ठेवायची, हळूहळू निववायचं. जरा ओल शिरली तर पोलादात हायड्रोजन अडकतो, आणि आज सुरेख दिसणाऱ्या जोडात एक-दोन दिवसांनी आतल्या आत चीर उमटते. म्हणून प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करून बघा! ड्रॉईंगवर जोडाचं माप असतं. पण हाताचा वेग, ठिणगीचा रंग, कधी थांबायचं, हे कुठल्या ड्रॉईंगवर असणार? ते तीन सेकंद वेल्डरच्या हातात असतात.

इथून पुढे माझी तक्रार सुरू होते.

१९८१ च्या डिसेंबरमध्ये भारताने पश्चिम जर्मनीतल्या कील शहरातल्या एचडीडब्ल्यू या यार्डाशी करार केला. चार पाणबुड्या. दोन जर्मनीत बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये, आणि पुढे आणखी दोन माझगावातच, असा बेत. 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ साली जर्मनीत तयार होऊन नौदलात आल्या. इकडे आपली माणसं शिकली आणि कामाला लागली. मग आलं १९८७. या व्यवहारात दलाली दिली गेल्याचा आरोप झाला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी चौकशीचा आदेश दिला आणि काही दिवसांत राजीनामाही दिला. पाठोपाठ बोफोर्स फुटलं. पुढचं राजकारण आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

पाणबुड्यांचं काय झालं ते मात्र फारसं कुणाला पाठ नाही. माझगावातली पहिली, 'शल्की', १९९२ साली नौदलात आली. दुसरी, 'शंकुल', १९९४ साली. आणि मग... काही नाही. पुढच्या दोन बोटी रद्द. भारतात पाणबुडी बांधता येते हे सिद्ध झालं त्याच क्षणी आपण ते बांधणं थांबवलं. जुन्या बोटींच्या दुरुस्त्या चालू राहिल्या. पण दुरुस्ती वेगळी आणि नवी बोट शून्यातून उभी करणं वेगळं. बग फिक्स करणारा आणि सिस्टिम लिहिणारा, यात फरक आहे की नाही? तसंच. ज्यांनी कीलला जाऊन काम शिकून घेतलं होतं, ते कारागीर आणि इंजिनिअर हळूहळू दुसऱ्या कामांना लागले, निवृत्त झाले.

१९९९ साली सरकारने तीस वर्षांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत चोवीस पाणबुड्या बांधायच्या. कागद फर्स्टक्लास! मग २००५ साली फ्रेंचांशी सहा स्कॉर्पीनचा करार झाला. पहिली बोट २०१२ ला मिळायची होती. 'कलवरी' नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला. 'शंकुल'नंतर तेवीस वर्षांनी! या उशिराची कारणं बरीच आहेत. बाहेरून मागवायच्या सामानाची खरेदी रखडली हेही त्यातलं मोठं कारण. पण एक कारण अगदी साधं आहे: यार्डाला पाणबुडी बांधणं नव्याने शिकावं लागलं. जे ज्ञान आपण एकदा जर्मनांकडून पैसे मोजून घेतलं होतं, तेच दुसऱ्यांदा फ्रेंचांकडून पैसे मोजून घेतलं. एकाच पुस्तकाला दोनदा फी.

मधल्या काळात नौदलाचं काय? २००० साली रशियाहून 'सिंधुशस्त्र' आली. त्यानंतर डिझेल-इलेक्ट्रिक बोट आली ती थेट 'कलवरी'च. (अणुपाणबुड्यांचा कार्यक्रम वेगळा, तो इथे धरत नाही.) म्हणजे सतरा वर्षं एकही नवी बोट नाही, आणि जुन्या बोटी दुरुस्त्या करकरून समुद्रात. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये आग लागली, धूर कोंडला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. 'सिंधुरत्न' १९८८ ची बोट. आग वयामुळेच लागली असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण घरात नवं काही येईना म्हणून जुन्यावर जास्त भार टाकत राहायचं, यात जोखीम वाढते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती जोखीम बोटीत झोपणारी माणसं उचलतात. दलाल उचलत नाही, मंत्री उचलत नाही, आणि डॉकयार्ड रोडला दरवाज्यात उभा असलेला मीही नाही.

बरं, १९८७ वरून आपण काही शिकलो का? नाव सोडा! 'कलवरी' वर्गासाठी ब्लॅक शार्क नावाचे इटालियन टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं, ९८ नग. ते बनवणारी कंपनी फिनमेकानिका समूहातली. त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीचं व्हीआयपी हेलिकॉप्टरांचं प्रकरण बाहेर आलं आणि २०१६ साली टॉर्पेडोंची खरेदीही रद्द झाली. परिणाम? एकविसाव्या शतकातली कोरी पाणबुडी नौदलात आली ती जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर. नवे टॉर्पेडो या बोटींवर बसवण्यासाठीचा करार झाला ३० डिसेंबर २०२४ ला. हेलिकॉप्टरात कुणीतरी पैसे खाल्ले आणि उपाशी राहिली पाणबुडी. आमच्याकडे याला डिपेंडन्सी म्हणतात, फक्त इतकी विनोदी डिपेंडन्सी मी अजून पाहिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय दलाली खाऊ द्यायची? मुळीच नाही. आणि हा प्रश्न तोंडदेखला नाही, खरा आहे. कंपनीवर बंदी नाही घातली तर तिला जरब कशी बसणार? पण नीट बघा, बंदीने जरब कुणाला बसली. कीलचं यार्ड बंद पडलं नाही. ते इतर देशांना पाणबुड्या विकत राहिलं. ज्यांच्यावर आरोप झाले त्यांचं आयुष्य पाण्याखाली गेलं नाही. काम बंद पडलं ते माझगावातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. पैसे खाणाऱ्या माणसाला पकडा, त्याच्यावर खटला चालवा, कंपनीकडून दामदुप्पट दंड वसूल करा, पुढच्या बिलातून कापून घ्या. हे सगळं बोटीची बांधणी चालू ठेवूनही करता येतं. बंदी घालणं सोपं असतं, कारण त्यात एक सही लागते आणि हात झटकून मोकळं होता येतं. खटला चालवायला कष्ट पडतात. आपण कष्ट टाळले आणि त्याला बाणेदारपणा असं नाव दिलं.

आणि हा रोग फक्त आपल्याला आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाने ॲडलेडमध्ये कॉलिन्स वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या. शेवटची २००३ साली नौदलात आली. त्या बोटींच्या लढाऊ कॉम्प्युटर सिस्टिमची कथा तर आमच्या धंद्यातल्यांनी वहीत लिहून ठेवावी अशी आहे: अति महत्त्वाकांक्षी स्पेसिफिकेशन, वेळेत न होणारं सॉफ्टवेअर, शेवटी ते काढून अमेरिकन सिस्टिम बसवली. पण त्याहून मोठी चूक पुढची. त्यांनीही रांगेत पुढची बोट ठेवली नाही. २०१६ साली फ्रेंच डिझाईन निवडलं, २०२१ साली ते रद्द करून अमेरिका-ब्रिटनबरोबर अणुपाणबुड्यांचं ठरवलं. या सगळ्यात नवी बोट तयार झाली शून्य. म्हाताऱ्या कॉलिन्स बोटींचं आयुष्य वाढवण्याची पाळी आली. गंमत म्हणजे तिथे दलालीचं कारणही नव्हतं. म्हणजे कारण काहीही असो, रांग तुटली की किंमत तीच.

उलट जपान बघा. कोबे शहरात दोन यार्ड, मित्सुबिशी आणि कावासाकी. आळीपाळीने बांधतात आणि साधारण वर्षाला एक पाणबुडी नौदलात येते. गाजावाजा नाही, सहा-सहा बोटींचे महाकरार नाहीत. दरवर्षी एक. त्यामुळे म्हातारा कारागीर निवृत्त व्हायच्या आत त्याच्या शेजारी पोरगा उभा असतो. आणि सुधारणा हळूहळू मुरवता येतात. २०२० साली 'ओर्यू' या बोटीत त्यांनी शिशाच्या बॅटऱ्यांऐवजी लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्या. अख्खं नवीन डिझाईन आणायची वाट नाही पाहिली. चालू वर्गातल्या अकराव्या बोटीत बदल केला. याला आम्ही छोटे रिलीज म्हणतो. मोठा रिलीज वीस वर्षांतून एकदा केला की काय होतं ते मला विचारा.

आपल्याकडे हे करायची अक्कल नाही का? आहे की! अंबरनाथच्या सरकारी प्रयोगशाळेने, एनएमआरएलने, फ्युएल सेलवर चालणारी एआयपी यंत्रणा विकसित केली. एआयपी म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखालीच वीज तयार करायची सोय, त्यामुळे नळी वर काढायची वेळ बरीच लांबते. २०२१ साली तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. ती बोटीत बसवण्यासाठी लागणारा हलचा तुकडा बांधायचा करार माझगाव डॉकशी झाला, तोही त्याच ३० डिसेंबर २०२४ ला. कर्जत लोकलच्या रुळांपासून हार्बर लाईनच्या रुळांपर्यंत एक अख्खी पाणबुडीविद्या पसरली आहे. तिला फक्त सलग काम हवंय.

आणि सलग काम हेच अडलंय. सहा स्कॉर्पीनपैकी दुसरीचं नाव 'खांदेरी', थळच्या समोरच्या आपल्या जलदुर्गावरून. ती २०१९ ला आली. सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये. आणि ती आली तेव्हा तिच्या मागे बांधणीत सातवी बोट नव्हती. तीन जादा स्कॉर्पीनना २०२३ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली होती, पण तत्त्वतः मंजुरीवर वेल्डिंग करता येत नाही. १९९४ चाच प्रसंग, फक्त या वेळी कसलीही भानगड नसताना, नुसत्या फायलींच्या वेगामुळे.

यातली सगळ्यात मोठी गंमत शेवटी ठेवली होती. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी संरक्षण मंत्रालय आणि माझगाव डॉक यांच्या वाटाघाटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाल्या. यात माझगाव डॉकचा परदेशी भागीदार कोण? जर्मनीची थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स. आणि त्यांचं यार्ड कुठे? कीलला. तेच जुनं एचडीडब्ल्यू, २००५ साली या समूहात गेलेलं. म्हणजे १९८७ ला ज्यांच्या नावाने दरवाजा आपटला, अडतीस वर्षांनी त्यांच्याच टेबलावर जाऊन बसलो. फरक इतकाच की तेव्हा आपल्याकडे त्यांनीच शिकवलेली तरुण टीम होती, आणि तिच्यातले बहुतेक आता नातवंडं खेळवत असतील.

मला या वाटाघाटींवर राग नाही, उलट आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच की करारात बोटींची संख्या, किंमत, टॉर्पेडो, सगळं मोजतात तसं एक कलम आणखी असावं: दोन बोटींच्या कामात खंड पडणार नाही. सहा बोटी एकदम मागवून मग वीस वर्षं झोपण्यापेक्षा दीड-दोन वर्षांना एक बोट मागवा, पण कायम मागवत राहा. आणि उद्या यात कुणी पैसे खाल्लेच (खाणारच नाही असं छातीठोक सांगायला मी काही साधू नाही), तर त्या माणसाच्या घरी पोलीस पाठवा. यार्डाला कुलूप पाठवू नका.

असो. चहा गार झाला. सोमवारी ऑफिसात एका नव्या पोराच्या शेजारी बसून जुना कोड वाचायचा आहे. तीन सेकंदांच्या ओळी शोधायच्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचं. पाणबुडी नाही बांधता येत, एवढं तरी करता येईल.